मिनी ट्रॅक्टरच्या इंजिनाचे बोल्ट पुन्हा पुन्हा ढिले होतायत, आणि फवारणी तोंडावर आहे

बागवाली, दिंडोरी

नमस्कार मंडळी. आमची दिंडोरी तालुक्यात साडेचार एकर थॉमसन द्राक्षाची बाग आहे. ट्रॅक्टर २४ एचपीचा, तीन सिलिंडरचा, चारही चाकं ओढणारा. मागे ६०० लिटरचा ओढता ब्लोअर, म्हणजे फवारणीचं यंत्र. ट्रॅक्टर मी स्वतः चालवते, फवारणी तर पूर्ण माझ्याकडेच असते. तासमीटरवर आज ६४० तास झालेत.

पोळ्याच्या आदल्या दिवशी ट्रॅक्टर धुवायला काढला होता. आमच्याकडे बैल उरले नाहीत, पूजा ट्रॅक्टरचीच होते. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना एकेक जाड लोखंडी पट्टी आहे, ती पुढच्या एक्सलच्या ब्रॅकेटपर्यंत जाते. प्रत्येक पट्टी इंजिनाच्या ब्लॉकला चार बोल्टांनी आवळलेली. उजव्या बाजूला दोन बोल्टांभोवती लालसर पूड दिसली. मला वाटलं गंज असेल. पाण्याचा फवारा मारला, धुऊन गेली. पण बोटाने बोल्टाचं डोकं हलवलं तर एक बोल्ट चक्क हाताने फिरला. दुसऱ्याला पाना लावला तर डोकं पान्यातच राहिलं, बोल्ट आत तुटलेला.

गावातल्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने तुटलेला तुकडा काढला, दोन नवे बोल्ट टाकले, स्प्रिंग वॉशर घातले, पाइप लावून जीव खाऊन आवळले. मी समोर उभी होते, आवळण्यात काही कसर ठेवलेली नाही. पैसे दिले, विषय संपला असं समजले.

काल बागेचा छाटणीपासून ३१ वा दिवस होता. सकाळी फवारणीला निघाले तर दर ओळीच्या टोकाला वळताना पुढून टक् टक् असा आवाज. उतरून बघितलं तर पंख्याचं पातं रेडिएटरच्या पत्र्याला एका जागी घासलंय, चकचकीत रेघ पडलीय. आणि तेच दोन बोल्ट पुन्हा ढिले. मधे फक्त २८ तास चालला ट्रॅक्टर.

आता माझी अडचण समजून घ्या. चार दिवसांपासून ढगाळ आहे, पहाटे दव पडतंय. डाऊनीचा, म्हणजे केवडा रोगाचा, धोका कुणाला सांगायला नको. फुलोरा आठवड्यावर आलाय. एक दिवसाआड फवारणी चालू आहे. या दिवसांत ट्रॅक्टर उभा राहिला तर वर्षाचं पीक जातं. पण असाच चालवला आणि काही मोडलं तर? सासरे म्हणतात पुन्हा आवळ आणि चालव. मला पटत नाहीये. नवे बोल्ट, जोर लावून आवळलेले, तरी २८ तासांत सैल का होतात? नक्की कुठे बघू?

---

वेल्डिंग वर्कशॉप, सांगोला

ताई, आमच्याकडे डाळिंबवाल्यांचे मिनी ट्रॅक्टर येतात, हाच प्रॉब्लेम घेऊन. मी बोल्ट पूर्ण आवळून डोक्याला आणि पट्टीला एका बाजूने वेल्डिंगचा छोटा टॅक मारून देतो. फिरायचा प्रश्नच येत नाही. पुढे कधी काढायचा झाला तर ग्राइंडरने टॅक उडवायचा. दहा मिनिटांचं काम आहे, तुमची फवारणी थांबणार नाही.

---

जुना फिटर

ताई, सगळ्यात आधी एक सांगतो. हे नीट होईपर्यंत तो ट्रॅक्टर बागेत नेऊ नका. उद्याची फवारणी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर करून घ्या, भाडं द्यावं लागलं तरी द्या. तुमचा ब्लोअर ओढता आहे, दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला लगेच जोडता येईल. तुम्हाला पटत नाहीये हे बरोबरच आहे, त्या मनाचं ऐका.

मी बावीस वर्षं ट्रॅक्टरच्या वर्कशॉपमध्ये आणि नंतर आयटीआयला पोरांना शिकवण्यात घालवली. या बोल्टांविषयी मी पोरांना पहिल्या आठवड्यातच सांगायचो, कारण इथे चूक झाली तर माणूस दुखावतो. मोटारीचं इंजिन चॅसिसमध्ये बसवलेलं असतं. ट्रॅक्टरचं इंजिन स्वतःच कण्यातला मणका असतं. मागून क्लच हौसिंगला जोडलेलं, पुढून एक्सल त्याच्या आधाराने उभा. तुमच्या ट्रॅक्टरला पट्ट्या आहेत म्हणून थोडं बरं, तरी उजव्या पट्टीचे चारातले दोन बोल्ट काम करत नसतील तर तो भार उरलेल्या दोघांवर आणि डाव्या पट्टीवर जातो. पंखा पत्र्याला घासला याचा अर्थ इंजिन आणि पुढचा भाग एकमेकांपासून हलायला लागलेत. रेडिएटर पुढच्या ब्रॅकेटवर बसतो, पंखा इंजिनावर. मधलं अंतर बदललं की आधी तिथेच कळतं.

ती लाल पूड बाहेरून आलेला गंज नव्हता. दोन लोखंडी पृष्ठभाग एकमेकांवर अगदी बारीक घासत राहिले की जी भुकटी निघते ती लगेच गंजते आणि लाल दिसते. कोरड्या लाल पुडीचं वर्तुळ बोल्टाभोवती दिसलं की तो बोल्ट आवळलेला नाही, मग पान्याला कितीही घट्ट लागो. पुढच्या वेळी धुवायच्या आधी बघा. पाण्याने पुरावा वाहून जातो.

आता तुमचा खरा प्रश्न. जोर लावून आवळला तरी ढिला का होतो? बोल्ट पट्टीला खिळ्यासारखा धरून ठेवत नाही. आवळताना तो केसाएवढा ताणला जातो आणि स्प्रिंगसारखा मागे ओढतो. त्या ओढीने पट्टी ब्लॉकवर दाबली जाते आणि त्या दाबाच्या घर्षणाने ती जागेवर राहते. पट्टी हलली नाही तर बोल्टावर आडवा मार येतच नाही. पण दाब कमी पडला आणि पट्टी आडवी सरकायला लागली की बोल्ट आपोआप उलटा फिरतो. हे गेरहार्ड युंकर नावाच्या अभियंत्याने १९६९ साली प्रयोगाने दाखवलं. बोल्ट सुटतो तो आडव्या सरकण्याने, आणि साधा स्प्रिंग वॉशर ते थांबवू शकत नाही. चांगल्या बोल्टाच्या ताणापुढे तो वॉशर सपाट होऊन जातो, त्याच्यात काही उरत नाही.

तेव्हा तुमच्याकडे दाब तयारच झाला नसावा. पाइप लावून आवळलं, हाताला घट्ट लागलं, पण तो जोर पट्टी दाबण्यात न जाता दुसरीकडेच गेला. मला सर्वांत जास्त संशय बोल्टाच्या लांबीचा आहे. ब्लॉकमधली ही भोकं आरपार नसतात, आत बंद असतात. बोल्ट पाच मिलीमीटर लांब पडला तर त्याचं टोक आत टेकतं, पाना घट्ट होतो, आणि डोकं पट्टीला नीट लागलेलंच नसतं. आवळणाऱ्याला वाटतं काम झालं. वरून अजून जोर लावला तर ओतीव लोखंडाला तडा जातो.

म्हणून एवढं करा. तुटलेला जुना बोल्ट आणि दुसरा जुना बोल्ट मिळतात का बघा, फेकले नसतील तर. नव्याशी लांबी जुळवा. डोक्यावरचा आकडा वाचा, ८.८ किंवा १०.९ असा असतो. काहीच आकडा नसेल तर तो बोल्ट इथे चालणार नाही, पत्र्याच्या शेडला ठीक आहे. दोन आट्यांमधलं अंतर बघा. एम १२, म्हणजे १२ मिलीमीटर जाडीच्या बोल्टात ते १.७५ मिलीमीटर पण मिळतं आणि १.२५ पण, दुकानदार विचारत नाही. चुकीचा बोल्ट दोन आटे बसतो आणि मग जड जातो, मेकॅनिक पाइप लावतो आणि ब्लॉकचे आटे खातो. मग पट्टीची जाडी, वॉशरची जाडी आणि भोकाची खोली मोजा. खोलीसाठी सायकलच्या स्पोकचा तुकडा चालेल.

बोल्ट काढायच्या आधी ट्रॅक्टर सपाट काँक्रीटवर घ्या. चावी काढा, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. पुढे वजनं असतील तर उतरवा. पुढचा एक्सल मधल्या पिनेवर झुलतो, म्हणून एक्सल आणि ब्रॅकेटच्या मधे दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर ठोका. जॅक क्लच हौसिंगच्या खाली लावा, मधे रुंद लाकडी ठोकळा ठेवून. ऑइल संपच्या पत्र्याला जॅक लावू नका, तो आत दबतो. जॅकने उचलायचं नाही, फक्त भार घ्यायचा. आणि एका वेळी एकच बोल्ट काढायचा. तो मोजून, साफ करून, परत घालूनच पुढचा. कुणी म्हणालं सगळे एकदम काढू, तर नाही म्हणा. चारही काढल्यावर ट्रॅक्टर मधेच वाकतो आणि खाली हात असतो.

सांगोल्याच्या भाऊंना आदराने सांगतो, टॅक मारू नका. १०.९ चा बोल्ट उष्णतेची प्रक्रिया करून मजबूत केलेला असतो. वेल्डिंगच्या आचेने डोक्याजवळ तो ठिसूळ होतो आणि नेमका तिथेच तुटतो. शिवाय टॅकने डोकं फिरायचं थांबेल, पण दाब नाही तो नाहीच. पट्टी सरकत राहील आणि ब्लॉकचा कान जाईल. बोल्ट दीडशे रुपयांच्या आत मिळतो, ब्लॉक नाही.

मोजमापं इथे टाका, मग पुढचं सांगतो.

---

तासगावची बाग

ताई, काकांचं ऐका. माझ्याकडे दोन वर्षांपूर्वी क्लच हौसिंगच्या बाजूचा बोल्ट ढिला होता. मी दर पंधरा दिवसांनी आवळत राहिलो, कारण एप्रिल छाटणी, मग पावसाळा, मग ऑक्टोबर छाटणी, कामं संपतच नाहीत. तिसऱ्या वेळी बोल्ट आत तुटला. तुकडा काढायला मेकॅनिकने उलट्या आट्याचा एक्स्ट्रॅक्टर घातला, तो पण आतच तुटला. तो इतका कडक असतो की ड्रिल लागत नाही. शेवटी इंजिन उतरवून वर्कशॉपला न्यावं लागलं, भोक मोठं करून हेलीकॉइल, म्हणजे नव्या आट्यांसाठीची तारेची गुंडाळी, बसवली. नऊ दिवस ट्रॅक्टर उभा होता. त्या नऊ दिवसांत भाड्याच्या ट्रॅक्टरवर फवारणी वेळेवर झाली नाही आणि दोन एकरांत डाऊनीने घड गेले.

बोल्टाची किंमत मी आजही विसरलेलो नाही. तुम्ही एक दिवस थांबा.

---

बागवाली, दिंडोरी

काका, तुम्ही लिहिलंत तसंच निघालं. आज सकाळी शेजारच्या भाऊंच्या ट्रॅक्टरला आमचा ब्लोअर जोडून फवारणी उरकली आणि दुपारी कामाला बसले. मदतीला दहावीतला मुलगा होता.

जुना एक बोल्ट मेकॅनिकने पेटीच्या कोपऱ्यात टाकला होता, मिळाला. डोक्यावर १०.९, लांबी ३५ मिलीमीटर, आटा १.२५. नवे दोन्ही ४० मिलीमीटरचे, आटा तोच, पण डोक्यावर आकडा कुठलाच नाही. वॉशर काढायच्या आधी टॉर्च लावून बघितलं तर स्प्रिंग वॉशरचं तोंड उघडंच होतं. म्हणजे डोकं कधी खाली बसलंच नव्हतं.

मोजलं ते असं. पट्टी १४, चपटा वॉशर २.५, स्प्रिंग वॉशर दाबून २.५. म्हणजे ४० च्या बोल्टाचे २१ मिलीमीटर आत जायला हवेत. स्पोकने भोक २३ आलं. पण बोल्ट पट्टीशिवाय नुसता हाताने फिरवून बघितला तर १९.५ वरच थांबतो. आत बॅटरी मारली तर तळाशी काळं चिकट काहीतरी, त्यात लोखंडाचा चुरा. मागच्या वेळी तुकडा काढताना पडलेला असणार. तो कुणी साफ केलाच नाही.

तुटलेल्या बोल्टाचा तुकडा पण बघितला. अर्धा भाग गुळगुळीत, शिंपल्यावर असतात तशा रेघा, आणि उरलेला खडबडीत. याचा काही अर्थ असतो का?

एक वाईट बातमी पण आहे. पट्टीचं एक भोक लांबट झालंय. बाकीची साडेतेरा आहेत, हे एका बाजूने साडेचौदा भरलं.

---

जुना फिटर

शाबास ताई. स्प्रिंग वॉशरचं उघडं तोंड तुम्ही काढायच्या आधी बघितलंत, बरेच मेकॅनिक ते बघत नाहीत.

शिंपल्यासारख्या रेघांचा अर्थ तो बोल्ट एका झटक्यात तुटला नाही. आधी एक बारीक चीर, मग रोज थोडी थोडी पुढे सरकत गेली, शेवटी उरलेला खडबडीत भाग एकदम गेला. म्हणजे तो पोळ्याच्या बराच आधीपासून ढिला होता. पहिल्या सर्व्हिसिंगला हे बोल्ट पुन्हा आवळायचे असतात, कारण नव्या ट्रॅक्टरात डोक्याखालचा रंग दबून बोल्टाचा ताण थोडा उतरतो. तुमच्या वेळी कुणी पाना लावला होता का, आता सांगता येणार नाही. म्हणून दोन बोल्ट बदलू नका, त्या बाजूचे चारही बदला. जे दोन घट्ट दिसतायत त्यांनी इतके दिवस चौघांचा भार वाहिलाय, त्यांच्यातही चीर सुरू झालेली असू शकते. डाव्या बाजूचे चार तपासा, लाल पूड नसेल तर राहू द्या.

बोल्ट १०.९ चे, ३५ मिलीमीटर, १.२५ आट्याचे घ्या. ३५ मधून पट्टी आणि चपटा वॉशर वजा केले तर १८.५ आत जातात. बोल्टाच्या जाडीच्या दीडपट आटे धरतात, ओतीव लोखंडाला तेवढे पुरतात. स्प्रिंग वॉशर नको. त्याऐवजी कडक चपटा वॉशर, जाडी तीच अडीच. लांबट भोकावर मोठ्या व्यासाचा कडक वॉशर घ्या. एवढ्या भोकाने या हंगामापुरतं चालेल, कारण पकड दाबाने असते, भोकाच्या कडेने नाही. बाग खाली झाल्यावर पट्टी बदला किंवा लेथवाल्याकडून बुश बसवून घ्या.

भोकातली घाण काढायला डिझेलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा, मग कॉम्प्रेसरची हवा. हवा मारताना डोळ्यांना चष्मा लावा, चुरा सरळ तोंडावर येतो. टॅप मिळाला तर एम १२ चा १.२५ हाताने फिरवा, जोर न लावता. मग ब्रेक क्लीनर किंवा पेट्रोलने आटे कोरडे करा. डिझेलचा अंश राहिला तर लॉकटाइट, म्हणजे आट्यांवर टाकायचा चिकटवणारा द्रव, धरत नाही. निळं घ्या, दोन थेंब पुरतात. लाल घेऊ नका, ते पुढे काढताना तापवावं लागतं.

पट्टीच्या आणि ब्लॉकच्या मधली लाल पूड आणि रंगाचे पापुद्रे पण खरवडून काढा. चारातला एक काढून तिथे होईल तेवढंच, पट्टी सुटी करू नका.

आता आवळणं. मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच पाळा. नसेल तर १०.९ च्या एम १२ ला साधारण ११० ते ११५ न्यूटन मीटर धरतात, ८.८ ला ८० च्या आसपास. टॉर्क पाना नसेल तर द्राक्षाचे क्रेट मोजता तो लटकवायचा काटा आणा. बोल्टाच्या मध्यापासून पाइपवर बरोबर ६० सेंटिमीटरवर खूण करा, तिथे काट्याचा हुक लावा आणि पाइपला काटकोनात ओढा. काट्यावर साडेअठरा-एकोणीस किलो आले की ११० न्यूटन मीटर झाले. काटकोन सोडला तर आकडा खोटा येतो. चारही बोल्ट आधी निम्म्या ताकदीने, मग पूर्ण, तिरके जोडीजोडीने.

---

बागवाली, दिंडोरी

मॅन्युअलमध्ये आकडा सापडला काका, १०३ ते ११७. मी ११० धरलं.

काल पिंपळगावला तीन दुकानं फिरले. दोन ठिकाणी दुकानदार म्हणाला आकडा कशाला बघता ताई, बोल्ट बोल्टच असतो. तिसऱ्याने न बोलता १०.९ चे चार बोल्ट काढून दिले आणि कडक वॉशर पण त्याच्याकडेच मिळाले. जुना नमुना सोबत नेला होता म्हणून जमलं.

घट्ट वाटणाऱ्या दोन बोल्टांपैकी एक काढला तर आट्याच्या सुरुवातीला नखाला लागेल अशी चीर होती. तो मी मुलाच्या हातात दिला आणि त्याला दाखवलं. सासऱ्यांनाही दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण नंतर स्वतःच टॉर्च घेऊन डावी बाजू बघत होते. डाव्या बाजूला पूड नाही, हातोडीने हळू टकटक केलं तर चारही बोल्ट सारखेच खणखणीत वाजतात. ढिला बोल्ट बद्द वाजतो, तो फरक आता कानाला कळला.

नवे बोल्ट हाताने शेवटपर्यंत सहज गेले आणि डोकं वॉशरवर बसलं. मग काटा लावून आवळले, काटा मुलाने ओढला, मी आकडा बघितला. पंख्याचं अंतर चारही बाजूंनी सारखं झालंय. लॉकटाइटसाठी रात्रभर ट्रॅक्टर हलवला नाही.

---

जुना फिटर

आता डोक्यापासून पट्टीपर्यंत प्रत्येक बोल्टावर रंगाची एक सरळ रेघ मारा. डाव्या बाजूला पण. दहा तासांनी बघा, मग पन्नासला, मग दर सर्व्हिसिंगला. रेघ जुळलेली असेल तर पाना लावू नका, लावलात तर लॉकटाइटची पकड तुटते. रेघ हलली असेल तर नुसता आवळू नका, काढा, साफ करा, पुन्हा बसवा. आणि तो जुना चीर पडलेला बोल्ट भंगारात टाकू नका, चुकून कुणीतरी वापरेल. हॅक्सॉने दोन तुकडे करून मग टाका.

तुमच्या मुलाला डिझेल मेकॅनिकच्या ट्रेडला घालायचा विचार असेल तर जरूर घाला.

---

बागवाली, दिंडोरी

मुलीच्या नेलपॉलिशच्या रेघा मारल्यात, गडद गुलाबी, लांबून दिसतात. आज बारा तास झाले, आठही रेघा जुळलेल्या आहेत. आवाज गेला. सकाळची फवारणी आमच्याच ट्रॅक्टरवर झाली, पहिल्या ओळीला फुलोरा सुटायला लागलाय.